कुंपणाच्या दोन फळ्या

खोली दाखवण्याआधी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "दार आपटतेस का?"

"नाही," मी म्हटलं.

"लावून दाखव."

खांद्यावरची बॅग तशीच ठेवून मी त्या अनोळखी घराचं मागचं दार हळूच ओढून घेतलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, "बरं आहे. सामान आत आण. चहा टाकतो."

जगाच्या दक्षिण टोकाला, डुनेडिनला एम. ए. करायला आले तेव्हा माझ्या सामानात कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त होती. ती पाहून त्यांनी पहिल्याच दिवशी मला 'ग्रंथपाल' म्हणायला सुरुवात केली. पुढे मी खरोखरच ग्रंथपाल झाले. आता हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात राहते आणि तिथल्याच एका वाचनालयात काम करते. मी त्यांना काका म्हणायचे. या हिवाळ्यात ते गेले. तेव्हापासून कोणी वाचनालयाचं दार जोरात लावलं की मी नकळत वर बघते. तक्रार करायला तिथे कोणीतरी उभं असेल, असं वाटतं.

त्यांचं घर गल्लीच्या अगदी टोकाला होतं. पलीकडे वाळूच्या टेकड्या, त्यांच्यावर खरखरीत गवत आणि मग थेट समुद्र. दक्षिणेकडून वारा सुटला की त्या लाकडी घराच्या सगळ्या खिडक्या गुणगुणायच्या. काका घरातही लोकरीची टोपी घालायचे, अंगात बायकोचं जुनं मरून रंगाचं स्वेटर, खाली पायजमा आणि गमबूट. नोकरीत असताना ते विद्यापीठाच्या प्रयोगशाळेसाठी काचेची उपकरणं फुंकून बनवायचे. आयुष्यभर श्वास मोजून वापरलेला माणूस. बोलतानाही तो जपूनच खर्च करायचा.

राहायला आल्यावर दुसऱ्या दिवशी मला परसात रांगोळीची एक लांब, वाकडी रेघ दिसली. परसाच्या एका टोकाला लाकडं ठेवायची पडकी शेड होती, तिच्यापासून बऱ्याच अंतरावर ही रेघ.

"ही कसली रेघ, काका?"

"वीस मीटर. याच्या पुढे जायचं नाही."

"टेपने मोजलंत?"

"चार साड्या एकमेकींना बांधून मोजलं. बाईंच्या साड्या. थोडं जास्तच भरतं, पण जास्त असलेलं बरं."

बाई म्हणजे त्यांची बायको. ती जाऊन तेव्हा तीन वर्षं होत आली होती. आणि वीस मीटर म्हणजे सी लायन या सीलसारख्या भल्यामोठ्या समुद्रप्राण्यापासून माणसाने जितकं लांब राहावं असं तिथले लोक सांगतात, तितकं अंतर. परसात सी लायन मात्र एकही नव्हता. हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं.

"आत्ता नाहीये," ते म्हणाले. "येईल."

मग हप्त्याहप्त्याने, भांडी घासताना, वाळत घातलेले कपडे काढताना, ती हकिगत मला कळत गेली. बाईंच्या शेवटच्या उन्हाळ्यात समुद्रातून एक मादी वर आली होती. टेकडी ओलांडून, कुंपणाच्या दोन सैल फळ्या अंगाने ढकलून ती परसात शिरली आणि शेडच्या मागे हाराकेके या घायपातासारख्या झुडपाच्या उंच पात्यांमध्ये व्याली. बाईंना तेव्हा अंथरुणातून उठवत नव्हतं. काकांनी पलंग स्वयंपाकघरात आणून खिडकीशी लावला. बाई दिवसभर त्या पिल्लाकडे बघत पडून राहायच्या. पिल्लू मादी होतं. बाईंनी तिचं नाव ठेवलं ठकी.

"आई दोन-दोन दिवस समुद्रावर जायची मासे धरायला," काका सांगायचे. "ही इथे एकटी. पायरीवर झोपायची. बाईंची एक जँडल पळवली आणि चावून चावून पार चोथा केला. मग आई यायची, त्या टेकडीवरून हाक मारायची. ही इकडून ओ द्यायची. आधी आवाज. मग जवळ येऊन नाकाला नाक. वास पटल्याशिवाय दूध नाही. कितीही ओरड, वास पटला पाहिजे."

ती चावलेली रबरी चप्पल, जँडल, शेडमध्ये खिळ्याला टांगलेली होती.

या जातीच्या माद्यांची एक रीत आहे, आणि काकांचं उरलेलं सगळं आयुष्य त्या रीतीला टांगलेलं होतं. मादी मोठी झाली, तिला पिल्लू व्हायची वेळ आली की ती जिथे जन्मली त्या जागेच्या आसपास परत येते. चार-पाच वर्षांनी का होईना, येते. हे संवर्धन खात्याच्या मुलीने पिल्लाला टॅग लावताना सांगितलं. तेव्हा बाई खिडकीतून म्हणाल्या होत्या, "म्हणजे पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार. शेड पाडू नका हं." एवढंच. महिन्याभराने बाई गेल्या.

काकांना 'समुद्रसिंह' हा शब्द चालत नसे. "सिंह कसला? माहेरवाशीण आहे ती," असं ते म्हणायचे, आणि ते गंमत म्हणून म्हणायचे नाहीत.

दर एक डिसेंबरला सकाळी ते कुंपणाच्या त्या दोन फळ्या काढायचे. एप्रिलमध्ये परत लावायचे, नाहीतर कुत्री शिरतात. फळ्यांना खिळे नव्हते, स्क्रू होते. "हातोडी लावायची नाही," ते मला बजावायचे. "आवाज होतो." काढलेल्या फळ्या जुन्या चादरीत गुंडाळून ते पलंगाखाली ठेवायचे.

शाकाहारी माणूस. आयुष्यात कधी अंडंही खाल्लं नाही. पण किनाऱ्यावर एखाद्या सी लायनने ओकून टाकलेलं काही दिसलं की ते उकिडवे बसून काडीने चाळत बसायचे. "हे बघ, ग्रंथपाल, ऑक्टोपसची चोच. आणि ही ब्लू कॉडची हाडं. छान जेवलाय." हे प्राणी दगड गिळतात आणि काही दिवसांनी ओकतात. असे गुळगुळीत दगड त्यांनी स्वतः फुंकलेल्या एका काचेच्या बरणीत जमवले होते. बरणी देवाच्या फोटोशेजारी असायची.

त्यांची एकुलती एक मुलगी ऑकलंडला, सँडरिंगहॅममध्ये. दर रविवारी तिचा फोन यायचा, आणि काका तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवायचे, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. तिला मराठी समजायचं, पण ती इंग्रजीतच बोलायची; इथे तिचं बोलणं बरंचसं मीच मराठीत देतेय. घर विका, इकडे या, तिथली थंडी तुम्हाला झेपत नाही, हे दर रविवारी.

"पुढच्या वर्षी बघू," काका म्हणायचे.

"यू ऑल्वेज से दॅट, डॅड. तुम्हाला तिचा टॅग नंबर पाठ आहे. माझा फोन नंबर सांगा बघू. गो ऑन."

काका थोडा वेळ विचार करून म्हणाले, "तो फोनमध्ये आहे ना."



आता मला माझ्या हातून झालेल्या चुकीबद्दल लिहायला हवं. इतकी वर्षं ते टाळत आले.

माझी तिथली ती पहिली दिवाळी. तिथे तेव्हा वसंत असतो. दिवस मोठे व्हायला लागतात आणि घरची आठवण भलत्या वेळी येते. माझी आई दिवाळीआधी घराचा कोपरा न् कोपरा धुऊन काढायची. काका डोळे तपासायला शेजारणीच्या गाडीतून शहरात गेले होते. मला वाटलं, त्यांना खूश करावं. मी आधी स्वयंपाकघर धुतलं, मग पायऱ्या, मग परस. शेडच्या मागे वर्षानुवर्षांचा कुजका पालापाचोळा साचला होता. तो सगळा पोत्यांत भरून बाहेर ठेवला. हाराकेकेची लोंबणारी पाती कापली. खालच्या फरशीवर ब्लीच ओतून ती खराट्याने पांढरी होईपर्यंत घासली. जँडलसुद्धा धुतली. शेवटी दाराशी पणती ठेवली.

काका आले. परसात बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, भारावलेत.

"काय केलंस हे?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच मला भीती वाटली.

"दिवाळी आहे ना, काका…"

ते आत गेले. पुढचे चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जे काही सांगायचं ते फ्रिजवर चिठ्ठीने. 'दूध आणावे.' 'गीझर बंद.' पाचव्या दिवशी सकाळी माझ्या दारावर टकटक झाली. ते दोन बादल्या घेऊन उभे होते.

"चल."

आम्ही समुद्रावर गेलो. ओलं शेवाळ, किनाऱ्याला लागलेलं कुजकं समुद्रगवत, टेकडीवरचं सडकं गवत, वाळू, सगळं बादल्यांत भरून आणलं आणि शेडच्या मागे पसरलं. असं आठ-दहा दिवस. समोरची शेजारीण आपल्या छोट्या कुत्र्याला कडेवर घेऊन फाटकाशी आली. नाकाला रुमाल.

"किया ओरा. काय शिजतंय? एखादं फिश अँड चिप्सचं दुकान मरून पडल्यासारखा वास येतोय, लव्ह."

"दिवाळीची सजावट," काका इंग्रजीत म्हणाले.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचा सण वेगळाच आहे हं."

मी हसले, आणि मग तिथेच बादलीवर बसून रडले. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. शेवाळ पसरत राहिले. म्हणाले, "वास काय, जातो तसा येतो. वेळ लागतो."

त्या डिसेंबरात फळ्या निघाल्या. नाताळनंतर एका सकाळी वाळूत माग दिसला. टेकडीवरून खाली उतरलेला, थेट कुंपणाच्या मोकळ्या जागेपर्यंत आलेला. तिथे वाळू बरीच चिवडली गेली होती. मग माग वळून परत समुद्राकडे गेला होता.

काकांनी छत्री आडवी धरून त्या मागाची रुंदी मोजली. मी मागे उभी होते. 

"ठकी होती?"

"छे. नर असेल कुठलातरी," ते म्हणाले. "भटकतात ते." आणि छत्रीने वाळू सारखी केली.

मी विश्वास ठेवला. तो ठेवण्यात माझी सोय होती.

त्या उन्हाळ्यात कोणी आलं नाही. एप्रिलमध्ये फळ्या परत लागल्या. हिवाळ्यात काकांना खोकल्याने धरलं, ते खूप बारीक झाले. मुलीचा रविवारचा सूर अधिक कडक झाला. शेवटी त्यांनी कबूल केलं, "हा एक उन्हाळा राहू दे मला. मग विकू." ठकीला पाच वर्षं होणार होती. त्यांच्या हिशेबाने हाच उन्हाळा. शिवाय आता त्यांच्यापाशी तेवढाच उरला होता.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी फोन नेहमीपेक्षा लवकर आला. काकांनी तो स्पीकरवर टाकला.  मुलगी गरोदर आहे हे आम्हाला माहीत होतं, दिवस नाताळच्या सुमारास भरायचे होते. सासूबाई पुण्याहून यायच्या होत्या, त्या पाय मोडून तिकडेच अडकल्या होत्या.

"डॅड," ती म्हणाली, "मम असती तर मी डुनेडिनला आले असते. आय वुड हॅव. आता कोणीच नाहीये. तुम्ही याल?"

तिने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं, असं नंतर काकांनीच मला सांगितलं. त्या वेळी ते फक्त म्हणाले, "बघतो." आणि फोन ठेवून गमबूट घालून टेकडीवर गेले. संध्याकाळ होईपर्यंत मला त्यांची टोपी तिथे दिसत होती.

दोन दिवसांनी ते कपाटातून बाईंची वही काढून बसले. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतिणीचा काढा. चष्मा कपाळावर सरकवून अक्षरं लावत होते.

"जाताय?" मी विचारलं.

"जायला हवं."

"आणि ठकी आली तर?"

त्यांनी वही मिटली. "आली तर काय? तिचं ती करते. सुईण नको, दाई नको. वाळूत एकटी करते. हिला नाही करता येणार." मग म्हणाले, "आणि ठकी काही माझी वाट बघत येत नाहीये, ग्रंथपाल. ही बघतेय."

एक डिसेंबरला त्यांनी फळ्या काढल्या. पाच तारखेला ते विमानात बसले. जाताना मला दहा सूचना दिल्या आणि दहाही दाराबद्दल होत्या.

नाताळ होऊन तीन-चार दिवस झाले असतील. सकाळी मी चहा टाकायला स्वयंपाकघरात आले आणि खिडकीबाहेर कुंपणाच्या मोकळ्या जागेत एक डोकं दिसलं. फिकट, सायीच्या रंगाचं, ओलं. मिशांवर वाळू. मी गॅस बंद केला. ती आत येत नव्हती. फळ्यांच्या जागी नाक लावून ती उभी होती. एका खांबाला, मग दुसऱ्या खांबाला, मग जमिनीला. मी किती वेळ उभी होते मला माहीत नाही. मनात सारखं येत होतं, ब्लीच. ते ओतून किती महिने झाले, ते पुन्हा पुन्हा मोजत होते. मग तिने एक खांदा आत घातला, मग दुसरा, आणि ते भलं मोठं जड अंग डोलवत शेडच्या मागे जाऊन ती हाराकेकेखाली पडली.

मी दुर्बिणीने टॅग वाचला आणि ऑकलंडला फोन लावला.

"बरं झालं केलास," काका म्हणाले. "अळीव किती वेळ भिजवायचे? इथला दुकानदार म्हणतो रात्रभर. बाईंच्या वहीत तसं नाहीये. पोरगी खीर तोंडात धरत नाही."

मागे एक तान्हं मूल रडत होतं. चार दिवसांची नात.

"काका, ठकी आली."

पलीकडे नुसतं मुलाचं रडणं.

"नंबर वाच."

मी एकेक आकडा वाचला. माझ्याबरोबर तेही पुटपुटत होते.

"कुठून आली?"

"फळ्यांमधून."

"थांबली?"

"थांबली. सगळीकडे नाक लावलं. खूप वेळ. मग आत आली."

त्यांनी लांब श्वास सोडला. काच फुंकणाऱ्या माणसाचा श्वास, संपता संपत नव्हता.

"म्हणजे वास परत आला," ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं. मागच्या वर्षीचा तो माग नराचा नव्हता. नराचं अंग केवढं असतं, माग केवढा रुंद पडतो, हे त्यांना छत्री न लावताही दिसलं असणार. ती आली होती, दारापर्यंत येऊन परत गेली होती, आणि त्यांनी ते वर्षभर एकट्याने मनात ठेवलं होतं. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"आता खिडकीत उभं राहून बोलू नकोस," ते म्हणाले. "तिला पडू दे निवांत."

पिल्लू दुसऱ्या दिवशी झालं. मी फोन खिडकीच्या फटीशी धरला. ठकीचा घोगरा हंबरडा आणि त्याला कोकरासारखं चिरकं उत्तर. त्याच वेळी तिकडे नात रडायला लागली. मधेच मुलीचा आवाज आला, "डॅड? इज दॅट हर?" मग तिघंही बराच वेळ नुसती ऐकत असावीत.

"पुरे आता," काका शेवटी म्हणाले. "दोघींना झोपू दे."

फेब्रुवारीच्या शेवटी ते परत आले तेव्हा ठकी पिल्लाला घेऊन टेकड्यांच्या पलीकडच्या झाडीत निघून गेली होती. तशी त्यांची पद्धतच असते. शेडच्या मागे दबलेली पाती होती आणि तीन गुळगुळीत दगड. काकांनी ते धुतले नाहीत, तसेच बरणीत टाकले.

"तुम्हाला बघायलाच मिळाली नाही," मी म्हटलं.

"बाईंना कुठे मिळाली? ती परत येणार, एवढंच त्यांना माहीत होतं," ते म्हणाले. आणि मग, बरणीला झाकण लावताना, "मला बघायची होती गं, फार."

इतकंच. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही.

घर विकलं गेलं. ते सँडरिंगहॅमला गेले, मी हॅमिल्टनला. दोन तासांचं अंतर, पण मी वर्षातून एकदा जायचे, कधी तेही नाही. पहिल्या डिसेंबरात त्यांच्या मुलीचा मला फोन आला होता, वैतागलेला. "ही हॅज टेकन टू बोर्ड्स ऑफ माय फेन्स. दोन फळ्या! समुद्र इथून किती लांब आहे. शेजाऱ्यांची मांजर येते फक्त." मी काकांना विचारलं तर म्हणाले, "नात मोठी होतेय. तिला सवय राहू दे." एप्रिलमध्ये त्यांनी त्या परत लावल्या. पुढच्या वर्षी पुन्हा काढल्या. मुलीने बोलणं सोडून दिलं.

ते गेले तेव्हा हिवाळा होता आणि फळ्या जागेवर होत्या. त्या दिवशी माणसं येत-जात होती. मी मागच्या अंगणात जाऊन कुंपणापाशी उभी राहिले. स्क्रूंची डोकी पुष्कळ वेळा फिरवून गुळगुळीत झाली होती. आत कोणीतरी दार आपटलं. कोणी काही बोललं नाही.

काल संध्याकाळी मी वाचनालयातून घरी आले आणि फोन वाजला. त्यांची मुलगी. सुरुवातीला नेहमीचं इंग्रजी, कशी आहेस, हवा कशी आहे.  मग मराठीत, एकेक शब्द शोधून जोडत, तिने विचारलं, "त्या फळ्या… बाबा कधी काढायचे?"

"एक डिसेंबरला," मी म्हटलं. "सकाळी."

"हातोडी आहे माझ्याकडे."

"हातोडी नको," मी म्हटलं. "स्क्रू-ड्रायव्हर घे. हातोडीचा आवाज होतो."